मागून ठेवलेलं

आम्हा जैनांच्या णमोकार मंत्रात कसलंही मागणं नाही. तीर्थंकर वीतराग, त्यांना नमस्कार करायचा, याचना नाही. या वळणामुळे आजारपणात ‘देवा, मला बरं कर’ म्हणणं मला कितीतरी वर्षं पोरकट वाटे, हे आधीच कबूल करतो.

आमच्या बेळगावातल्या एक कॅथलिक शिक्षिका माझ्याकडे पोटदुखीसाठी येत. लक्षणं मला ठीक वाटेनात. होमिओपॅथीच्या गोळ्यांवर वेळ न घालवता त्यांना मोठ्या तपासणीला पाठवलं, तर कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भेटायला गेलो, तेव्हा फादर त्यांच्या कपाळाला आणि हातांना तेल लावत होते. माझ्या पोटात धस्स झालं. हे तेल शेवटच्या घटकेचं, अशी माझी समजूत.

ती अगदीच खोटी नव्हती. कित्येक शतकं हा विधी ‘अंतिम अभ्यंग’ म्हणूनच ओळखला जाई, आणि फादर दारात दिसले की घरात रडारड सुरू होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं त्याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणावं असं सुचवलं. १९७२ साली नवा विधी ठरला. मूळ आधार याकोबाच्या पत्रातला: आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे आजाऱ्यानं एकट्यानं कण्हत पडायचं नाही, हाक मारायची.

डॉक्टर म्हणून मला मात्र हिज्कीया राजाची गोष्ट अधिक भावते. मरणाचा निरोप येताच तो भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली. १५ वर्षं आयुष्य वाढवून मिळालं. तरी यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलंच! प्रार्थनेच्या नावाखाली औषध बंद करणाऱ्यांनी, आणि असे सर्वच धर्मांत भेटतात, हे पोटीस विसरू नये.

पण मागितलं की मिळतंच असंही नाही. पौलानं देहातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवलं, काटा राहिला. गेथशेमानेत खुद्द येशूनं प्याला टळावा म्हटलं, आणि त्याच दमात ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटलं.

फादर गेल्यावर मी बाईंना चाचरत विचारलं, “आणि नाही ऐकलं त्यानं तर?”

“मी मागून ठेवलंय, डॉक्टर. द्यायचं की नाही ते तो बघेल. तुम्ही ऑपरेशननंतरचं पथ्य विचारून घ्या. मोठ्या डॉक्टरांचं बोलणं मला कळत नाही.”


मी खिशातून कागद काढला.