कथांतील हेवा आणि गर्व

(मंडळाच्या वर्धापनदिनी केज येथे केलेले भाषण)



आज मी मोठ्या ग्रंथांवर बोलणार नाही. आपण ऐकलेल्या आणि वाचलेल्या चार गोष्टी घेऊन त्यांतील माणसे हेव्याने आणि गर्वाने कशी बदलतात, एवढेच पाहणार आहे.

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू आपल्याला लहानपणीच पाठ करून घेतले आहेत. त्यांतील शेवटचे दोघे, मद आणि मत्सर, यांनाच आपण घरात गर्व आणि हेवा म्हणतो. राग आला तर तो चारचौघांना दिसतो. भांडी आदळतात, दार आपटते. या दोघांचे तसे नाही. गर्व स्वाभिमानाचे लुगडे नेसून येतो आणि हेवा 'सहज विचारले हो' असे म्हणत ओसरीवर येऊन बसतो. म्हणून त्यांना ओळखणे कठीण. गर्व दुसऱ्याकडे खाली पाहतो, हेवा वर पाहतो. आपल्या स्वतःच्या ताटात काय वाढले आहे ते दोघांनाही दिसत नाही.

मत्सर हा बायकांचाच दुर्गुण, असे सांगण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. मी ज्या गोष्टी सांगणार आहे त्यांत भाऊ आहे, दीर आहे, संतही आहेत. तेव्हा हा आरोप आपण एकट्यांनी डोक्यावर घेण्याचे कारण नाही. दोष माणसाचा आहे.

पहिली गोष्ट आपल्या घरचीच, श्रावणातली शुक्रवारची कहाणी. आटपाट नगरात गरीब बहीण राहते, त्याच गावात तिचा श्रीमंत भाऊ राहतो. भाऊ सहस्रभोजन घालतो, साऱ्या गावाला बोलावतो, बहिणीला मात्र बोलावीत नाही. भावाचे घर म्हणून ती मुलांना घेऊन आपण होऊन पंगतीत बसते. तूप वाढता वाढता भावाची दृष्टी तिच्यावर पडते. अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतील. तो तिला बोल लावतो. मुलांच्या पोटासाठी ती दुसऱ्या दिवशीही येते, तिसऱ्या दिवशीही येते, तेव्हा तो तिला हात धरून बाहेर काढतो.

पुढे व्रत फळाला येते आणि बहिणीला चांगले दिवस येतात. आता भाऊ स्वतः आमंत्रण घेऊन येतो. ती शालजोडी पांघरून, दागिने घालून जाते. पानावर बसल्यावर अंगावरचा एकेक दागिना काढून पाटावर मांडते आणि पानातला एकेक पदार्थ त्या दागिन्यांवर ठेवू लागते. भाऊ विचारतो, हे काय? ती सांगते की, ज्यांना तू जेवायला बोलावलेस त्यांना मी जेवू घालते आहे. माझे जेवण सहस्रभोजनाच्या दिवशीच झाले. भाऊ ओशाळतो, तिचे पाय धरतो, क्षमा मागतो.

या कहाणीत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. बहिणीने भावाला शिव्याशाप दिले नाहीत, आणि सोसून गप्पही बसली नाही. त्याचा दोष त्याच्याच पंगतीत त्याला दाखवून दिला. भावाच्या पदरी एकच पुण्य, की तो 'चुकलो' म्हणाला. त्या एका शब्दाने तो पुन्हा भाऊ झाला.

आता तो एक शब्द तोंडातून निघाला नाही तर काय होते, ते परदेशातल्या एका गोष्टीत पाहू. गी द मोपासाँ या फ्रेंच लेखकाने 1884 साली 'हार' नावाची कथा लिहिली. माथिल्द नावाची एक रूपवान स्त्री आहे. नवरा पॅरिसच्या शिक्षणखात्यात कारकून. घरात उपासमार नाही, पण हिला आपले घर, भिंती, खुर्च्या, सारेच हिणकस वाटते. एक श्रीमंत मैत्रीण आहे, तिच्याकडे जाऊन आली की ही दिवसचे दिवस रडत बसते. हा हेवा.

एकदा मंत्र्याच्या घरच्या समारंभाचे आमंत्रण येते. नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक ती पोषाखासाठी घेते. मग दागिना नाही म्हणून त्याच मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते. समारंभात सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळतात. निघताना नवरा तिच्या खांद्यांवर घरची साधी वस्त्रे घालतो. फरचे कोट घातलेल्या बायकांनी ती पाहू नयेत म्हणून ती घाईघाईने पायऱ्या उतरते. हा गर्व. घरी येऊन पाहते तो गळ्यात हार नाही.

अशा वेळी मैत्रिणीला खरे सांगायला हवे होते. पण नवरा-बायको कळवतात की, हाराचा फासा मोडला आहे, दुरुस्तीला दिला आहे. मग तसाच दिसणारा हार छत्तीस हजार फ्रँकांना घेतात. निम्मी रक्कम नवऱ्याच्या वडिलांनी मागे ठेवलेली, निम्मी सावकारांची. ते कर्ज फेडण्यात दहा वर्षे जातात. मोलकरीण सुटते, घर सुटते, माळ्यावरच्या खोलीत राहायला जावे लागते. माथिल्द भांडी घासते, धुणे धुते, पाण्याच्या बादल्या जिने चढून वर नेते, वाण्याशी एकेका पैशासाठी घासाघीस करते. तिचे रूप जाते, हात खरखरीत होतात, आवाज चढतो. कर्ज फिटल्यावर एका रविवारी ती मैत्रीण रस्त्यात भेटते, तिला ही ओळखूही येत नाही. आता लपवायचे काय, म्हणून माथिल्द सारे सांगते. मैत्रीण कळवळून तिचे हात धरते आणि म्हणते की, अगं, माझा हार तर खोटा होता. फार तर पाचशे फ्रँकांचा!

पुष्कळांना या कथेत शेवटचा धक्काच आठवतो. मला मात्र वाटते की, धक्क्याच्या आधीचा एक क्षण अधिक बोलका आहे. बदली हार दिल्याचे मैत्रिणीला कळलेच नाही, हे ऐकून माथिल्द अभिमानाने हसते. दहा वर्षांच्या कष्टांनी तिला काटक केले, धीराची केले, हे खरे. पण गर्व आत तसाच शिल्लक राहिला. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही. संकट आले की माणूस आपोआप सुधारतो अशी आपली समजूत असते. मोपासाँ सांगतो की तसे होत नाही. 'हार हरवला' हे दोन शब्द दहा वर्षे उशिरा बोलले गेले, आणि तेवढ्या उशिराची किंमत एक उभे तारुण्य झाली.

तिसरी गोष्ट प्रेमचंदांची, 1910 सालची, 'बडे घर की बेटी'. आनंदी ही तालुकदाराची मुलगी साध्या घरात सून म्हणून येते. एक दिवस धाकटा दीर लालबिहारी मांस शिजवायला सांगतो. घरात होते तेवढे तूप ती त्यात घालते, डाळीला उरत नाही. दीर तिच्या माहेराला टोमणा मारतो. ती उत्तर देते की, माझ्या माहेरी एवढे तूप गडीमाणसे रोज खातात. तो संतापून खडाव फेकतो, तिच्या बोटाला लागते. दोन दिवसांनी नवरा घरी येतो, बायकोकडून सारे कळल्यावर वडिलांना सांगतो की, या भावाबरोबर मी एका घरात राहणार नाही.

येथे प्रेमचंदांनी शेजाऱ्यांचे जे चित्र काढले आहे ते तर आपल्या कोणत्याही गावचे आहे. या घराचा एकोपा पाहून मनातून जळणारी काही माणसे गावात असतात. भांडणाचा वास लागताच कोणी चिलमीच्या निमित्ताने, कोणी साऱ्याची पावती दाखवण्याच्या निमित्ताने येऊन बसतो. घर फुटण्याची वाट पाहणारा हा हेवा घरातल्या गर्वावरच पोसलेला असतो.

पण घर फुटत नाही. लालबिहारी वहिनीच्या दाराशी येऊन रडत रडत अपराधाची क्षमा मागतो आणि घर सोडून निघतो. आनंदी नवऱ्याला म्हणते, त्यांना थांबवा. नवरा हलत नाही, तेव्हा ती स्वतः बाहेर येऊन दिराचा हात धरते. ज्या माहेरच्या मोठेपणावरून भांडण पेटले, तो मोठेपणा कशात असतो हे तिने त्या क्षणी दाखविले.

मी ही कथा सांगते तेव्हा एक गोष्ट स्पष्ट करते. खडाव फेकणे हा अपराधच आहे आणि मार सोसणे म्हणजे क्षमा नव्हे. आनंदीने घडले ते झाकले नाही, आणि कथेतही आधी अपराधी वाकतो, मग क्षमा येते. हा क्रम उलटा करून कोणी आपल्याला शहाणपण शिकवू लागला तर ते ऐकू नये.

चौथी गोष्ट आपल्या मराठवाड्याची. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले की, हे थापटणे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते पाहण्यासाठी, असे उत्तर आले. मग ही मडकी पाहा, असे त्या म्हणाल्या. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारू लागले. इतर शांत बसले. नामदेव मात्र रागावले. विठ्ठलाचा लाडका मी, माझी परीक्षा? गोरोबांनी निवाडा दिला की, हे मडके कच्चे. नामदेव दुखावून पंढरीला परतले आणि विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घातले. तेथेही सांगणे झाले की, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जा.

हे विसोबा कोण? एके काळी या भावंडांचा हेवा करून त्यांना छळणारे. मुक्ताबाईंना मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना मना केले, आणि ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून शेवटी शरण आले, असे कथा सांगते. म्हणजे गर्वाने दुखावलेल्या नामदेवांना गुरू मिळाला तो हेव्यातून बाहेर आलेला! औंढ्याला विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. पाय काढा, असे नामदेव म्हणाले. जेथे देव नाही तेथे तूच ठेव, असे उत्तर आले. नामदेवांचे डोळे उघडले ते तेव्हा. जो त्या आगीतून गेला, त्यालाच दुसऱ्याची आग कशी विझवावी हे कळते. म्हणून कोणी पूर्वी हेवेखोर होती, गर्विष्ठ होती, एवढ्यावरून तिला कायमची टाकून देऊ नये.

भगिनींनो, या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर एकच गोष्ट हाती लागते. हेवा कोणाला शिवला नाही असे नाही, गर्वाला कोणी बळी पडले नाही असेही नाही. फरक पडला तो खरे बोलण्याने. जो 'चुकलो', 'हरवले', 'मी कच्चा आहे' असे म्हणू शकला तो सावरला. जिला म्हणता आले नाही तिने दहा वर्षे भांडी घासली.

आता आपल्या केजकडे पाहू. माथिल्दची गोष्ट परदेशची वाटते, पण आपल्याकडे लग्नसराईत काय होते? शेजारणीने मुलीला इतके तोळे घातले, मग आपणही घालायचे. तिच्या मांडवात इतक्या पंगती, मग आपल्याही हव्यात. ऋण काढून सण, तसे ऋण काढून लग्न. आपल्या भागातून किती तरी जोडपी दर हंगामाला ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि घराघरांत लग्नाचा खर्च हेही त्या उचलीचे एक कारण असते. उचल फिटली नाही तर पुढचाही हंगाम तिच्यातच जातो. औषधपाण्याला, बी-बियाणाला घेतलेल्या उचलीबद्दल मी बोलत नाही. ती गरज आहे. पण चार बायकांच्या नजरेसाठी घेतलेले कर्ज फेडताना त्या चौघींपैकी कोणीही फडात मोळ्या बांधायला येत नाही.

आणि याला ती कर्ज काढणारीच जबाबदार आहे काय? माथिल्द खरे का बोलली नाही? मैत्रिणीचा चेहरा कसा होईल याची तिला भीती होती. 'आम्हाला परवडत नाही' असे म्हणायला जसा धीर लागतो, तसा ते ऐकून तोंड वाकडे न करायला मोठेपणा लागतो. हा मोठेपणा आपल्या हातात आहे. आपल्या मंडळात एखादी म्हणाली की, मुलीचे लग्न आम्ही साधेपणाने करणार, तर त्यावर कुजबूज न होता तिच्या पाठीवर हात पडला पाहिजे. हळदीकुंकवाला आलेल्या सुनेला 'किती तोळे घातले' हा प्रश्न आपण विचारायचा नाही, एवढे जरी आज ठरविले तरी माझे बोलणे वाया गेले असे मला वाटणार नाही.

कहाणीतल्या बहिणीने दागिन्यांना घास भरविला, कारण आमंत्रण त्यांना होते. आपल्या मंडळाचे आमंत्रण माणसाला असावे, मग तिच्या अंगावर काही असो वा नसो.