काळ्या कोटाची झडती
(धाराशिव इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



इनामी जमिनीच्या दाव्यापायी माझ्या बानं ११ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेळ्या विकून वकिलाची फी भरली. एका तारखेला वकील आलाच नाही. दावा निकाली निघाला. वकील म्हणाला, 'तुझं नशीब!' बा गप बसला. वकिलाविरुद्ध तक्रार करता येते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगतो. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१, कलम ३५. तक्रार करायची मुंबईला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं. तिथली शिस्तपालन समिती समज देते, सनद निलंबित करते, नाहीतर वकिलाचं नावच पटावरून काढते. समितीत तिघं, अन् तिघंही वकीलच! म्हणून कागद पक्के पाहिजेत. वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं जातं.

इतिहास बघा. लंडनच्या इनर टेंपलनं १९०९ ला श्यामजी कृष्णवर्मांना काढलं, १९२२ ला गांधींना काढलं. गुन्हा काय? सरकारशी वैर. पण गरिबाचा दावा बुडवणारा कोट घालून मिरवतो, त्याचं काय?

आता कलम २४-अ. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याखाली शिक्षा झालेल्याला सनद नाही. वा! पण पुढं मेख आहे. सुटून दोन वर्षं झाली की दार उघडं. दोन वर्षांत डोक्यातली जात धुऊन निघते काय? अन् १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचं तर त्या कलमात नावच नाही. तिथं 'नैतिक अधःपतन' सिद्ध करत बसा! आमच्या वस्तीवर चालून जाणं हे अधःपतन आहे की नाही, यावर पुन्हा वकीलच वाद घालणार.

आपली मागणी सरळ आहे. अॅट्रॉसिटीचं नाव कलमात घाला, दोन वर्षांची पळवाट बुजवा.

वकिली वाईट नाही. बाबासाहेबांनी १९२३ ला सनद घेतली. १९४१ ला ते आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले. तोच काळा कोट आपल्या माणसांसाठी उभा राहिला. म्हणून तो मळवणाऱ्याला सोडायचं नाही.

बा गेला. कागदं राहिली. त्यातली एक-एक तारीख मी लिहून काढलीय. उद्या तक्रार मुंबईला जाईल. तुमच्याही घरात आढ्याला बांधलेली गठुडी असतील. सोडा ती.

जय भीम!