हात पुढे करताना

तुमच्या चिटणीसांनी पत्रात विषय लिहून पाठवला तो असा : 'रोजच्या जगण्यात आत्मसन्मान आणि सकारात्मक वृत्ती'. मी त्यांना फोन करून म्हटलं, अहो, मी फिजिओथेरपिस्ट. लोकांची वाकलेली बोटं सरळ करण्यात माझी सगळी नोकरी गेली. मनाचं सांगायला मानसोपचारतज्ज्ञ बोलवा. ते म्हणाले, "ते मागच्या वर्षी होऊन गेले." म्हणून मी इथे उभा आहे, आणि बोलणार आहे ते बोटांबद्दलच.

माझं लहानपण वडाळ्यातलंच. आषाढीला इथल्या विठ्ठलाला माणसांचा पूर लोटायचा, आजही लोटतो. निघताना आजी माझ्या मुठीत सुटी नाणी द्यायची. रांगेच्या कडेला महारोगी बसलेले असायचे. तेव्हा आम्ही सगळे सर्रास हाच शब्द वापरायचो. आजी बजावायची, "वरून टाक रे, हात लावू नकोस." मी वरून टाकायचो. डब्यात पडलं की नाणं टण्ण वाजायचं. नेम चुकला तर घरंगळत जायचं, आणि समोरचा माणूस ते दोन्ही तळव्यांच्या चिमट्यात धरून उचलायचा, कारण बोटं मिटलेली. मला तो नेमबाजीचा खेळ वाटायचा. आजी दुष्ट नव्हती, ती पुण्यच करत होती. पण नाणं आणि तळहात यांच्यात जे वीतभर अंतर राहायचं, त्याचा अर्थ मला कळला तो नोकरीला लागल्यावर.

इथून जवळच अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. वडाळ्यात जन्म गेलेल्यांपैकी कितीजण त्याच्या फाटकातून आत गेलेत, हात वर करायला सांगत नाही, संकोच वाटेल. हॅरी अ‍ॅक्वर्थ हे 1890 ते 1895 या काळात मुंबईचे महापालिका आयुक्त होते. हे तेच अ‍ॅक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले आणि पुढे त्यातल्या काहींचं इंग्रजी भाषांतर केलं. शाहिराच्या तोंडून पराक्रम टिपून घेणारा हा साहेब 1890 मध्ये बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा करतो, याचं मला अजून कौतुक वाटतं. मात्र खरं तेही सांगायला हवं. शहराला ही माणसं रस्त्यावर दिसायला नको होती, म्हणून जागा निवडली ती वस्तीपासून लांब. आज तिला वडाळा म्हणतात आणि चौरस फुटाचा भाव विचारतात.

आता थोडं हाताचं. कोपराच्या आतल्या बाजूला टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती अल्नर नस. कुष्ठरोगाचा जंतू अशा नसांवर बसतो. आधी त्या भागाची जाणीव जाते, मग करंगळी आणि अनामिका आत वळतात. शर्टाचं बटण लागत नाही. ताटातला भात बोटांत गोळा होत नाही, आणि चहाचा पेला चटका देतो हे हाताला कळतच नाही. फोड आल्यावर डोळ्यांना कळतं. बोटं 'झडतात' हा आपला समज. रोग बोटं झाडत नाही. वेदना नसल्यामुळे जखमेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते आणि बोट कुरतडलं जातं.

या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती सरळ करण्याचं काम डॉ. पॉल ब्रँड यांनी तामिळनाडूतल्या वेल्लोरला 1940 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं. सुस्थितीतला एक स्नायुबंध उचलून दुसऱ्या कामाला लावायचा, अशी ती युक्ती. हात सुधारले, माणसं आनंदाने घरी गेली. काहीजण थोड्याच दिवसांत परत आले आणि तक्रार करू लागले की, हे हात भिकेच्या कामाचे नाहीत. वाकडी बोटं बघून लोक पैसे टाकायचे, सरळ बोटांना कोण देणार? नोकरीही कोणी देईना, कारण कपाळावर रोगाचं नाव होतं. ब्रँडना समजलं की, त्यांनी बोटं सरळ केली तरी माणूस होता तिथेच राहिला. मग त्यांनी रुग्णांना सुतारकामासारखे धंदे शिकवण्याची सोय केली. फिजिओथेरपीच्या वर्गात आम्हाला स्नायूंची नावं पाठ करून घेतली, ही गोष्ट कोणी सांगितली नाही. ती मी पुढे वाचली, आणि त्यानंतर एकाही रुग्णाला "बोट सरळ झालं, आता मजा करा" असं म्हणालो नाही.

आपल्याकडे हेच शहाणपण अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी वापरलं. बाबांची तर सुरुवातच भीतीने झाली होती. निर्भय म्हणवणारा हा माणूस रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा रुग्ण बघून पळाला, आणि त्या पळण्याची लाज वाटून परत फिरला. 1951 मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालं. तिथे रुग्णांना कोणी बौद्धिकं दिली नाहीत. विहीर खणायला लावली. ज्यांच्या हातून कोणी पाणी घेत नव्हतं, त्यांच्या शेतातला भाजीपाला पुढे बाजारात विकला गेला.

चिटणीसांचा आत्मसन्मान मला इथे सापडतो. हल्ली आरशासमोर उभं राहून 'मी श्रेष्ठ आहे, मी आनंदी आहे' असं म्हणायला सांगतात. म्हणणाऱ्यांचं चांगलं होवो. आमच्या फिजिओथेरपी विभागात बधिर हातापायांच्या रुग्णांना आम्ही आरसा द्यायचो तो तळपाय बघायला. रोज रात्री दिव्याखाली बसायचं. हातपाय वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, खरखरीत कातडी हळू घासायची, अंग ओलसर असतानाच तेल लावायचं. मग बोट न् बोट, टाच न् टाच बघायची. कुठे लाली आहे का, फोड आहे का, चपलेचा खिळा वर आलाय का. जो हात दुखत नाही तो आपला वाटेनासा होतो, पान्हा-पक्कड यांसारखा वापरला जातो. रोज तेल लावून तो पुन्हा आपला करून घ्यावा लागतो.

एक गृहस्थ होते, नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी हात टॉवेलखाली झाकून बसले. मी हात मागितला, तर म्हणाले, "साहेब, तुम्ही हातमोजे घाला." मी न घालताच धरला. खोटं कशाला बोलू, मीच मनात दचकलो होतो आणि त्या दिवशी घरी जाऊन दोनदा साबण लावला. बहुसंख्य माणसांत या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरीही. सहा-सात महिन्यांनी त्याच गृहस्थांनी खिशातून पेन काढून हजेरीच्या वहीत सही केली. तोवर अंगठा उठवायचे. सही वाकडीतिकडी, ओळीच्या बाहेर गेलेली. ती करून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे वळवली नाही, स्वतःच बराच वेळ बघत बसले.

मला सकारात्मक वृत्ती कळते ती एवढीच. 'जखम नाहीच' असं म्हणत राहणारा माणूस आमच्याकडे यायचा तेव्हा हाडापर्यंत गेलेलं असायचं. रोज जखम शोधणाऱ्याला लोक रडका म्हणत, पण पाय त्याचाच वाचायचा. घरात दहावीचा निकाल लागतो, मुलगा खोलीचं दार लावून घेतो, आणि आपण बाहेरून ओरडतो, "पॉझिटिव्ह राहा!" त्याला 58 टक्के मिळाले आहेत. 58 टक्के कमीच आहेत, त्यालाही ते माहीत आहे. पण ते गणिताच्या आणि शास्त्राच्या पेपरांचे गुण आहेत. अख्ख्या पोराला आपण 58 देऊन टाकतो, तिथे घोटाळा होतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस जन्मभर हेच सांगत आले. डॉ. अंजली जोशींनी त्यांच्यावर मराठीत कादंबरी लिहिली आहे, जरूर वाचा. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, असं एलिसचं म्हणणं. त्यांना आत्मसन्मान हा शब्दसुद्धा धोक्याचा वाटे, कारण आज यश मिळालं म्हणून चढलेला भाव उद्या अपयशाने उतरतो. एकोणिसाव्या वर्षी हे गृहस्थ मुलींशी बोलायला घाबरायचे. मग महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकांवर बसलेल्या स्त्रियांशी बोलत सुटले. शंभरेक जणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, ती आलीच नाही. एलिसना कळलं की, शंभर नकार खाऊनही आपण धडधाकट आहोत. तुम्ही हा प्रयोग आपल्या फाइव्ह गार्डनमध्ये करू नका, पोलीस चौकशीला येतील. पण भीती वाटते ती गोष्ट मुद्दाम, पुन्हा पुन्हा करून बघण्याची रीत चोख आहे.

आणि याच वडाळ्यात, 1930 च्या मे-जूनमध्ये, मिठाच्या सत्याग्रहात मिठागरावर हजारो माणसं चालून आली. 1 जूनला सुमारे पंधरा हजार. त्यात उंबरठ्याबाहेर फारशा न पडलेल्या बायकाही होत्या. लाठ्या चालल्या. हाती लागलं ते चिखलमाती मिसळलेलं मूठभर मीठ, बाजारात कोणी फुकट घेतलं नसतं. त्या दिवशी हात पुढे झाला तो मागायला नव्हे. आधी धीटपणा आला आणि मग त्या निघाल्या, असं मला वाटत नाही. निघाल्या, चिखलात पाय घातला, आणि मग धीटपणा आला असणार.

वेळ झाली, चिटणीस घड्याळ दाखवताहेत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं, ते कलम संसदेने काढून टाकलं 2019 मध्ये. म्हणजे परवा-परवापर्यंत नवरा कायद्याने बायकोला या कारणावरून सोडू शकत होता, बायको नवऱ्याला. कायदा बदलला, पण इमारतीच्या जिन्यात काय चालतं ते तुम्ही मला सांगायचं. अ‍ॅक्वर्थच्या आवारात कुष्ठरोगाचं संग्रहालय आहे, एखाद्या दिवशी नातवंडांना घेऊन जा. आणि घरी गेल्यावर एक करा. स्वतःच्या आणि घरकामाला येणाऱ्या बाईंच्या, वॉचमनच्या अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर कापूस फिरवून कळत नसेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या. फुकट मिळतात. वेळेवर घेतल्या तर बोट वाकत नाही. बाईंना एकटीला पाठवू नका, बरोबर जा.