टोकन आणि वाढपी

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात भुकेल्या प्रवाशाचा जुना आधार म्हणजे खाणावळ. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि याच मातीतल्या तुरीचे वरण. वर मराठी, कानडी वा दख्खनीत वाढप्याची पृच्छा, ‘आणखी वाढू का?’

आता शहरांतून साखळी उपाहारगृहे दिसू लागली आहेत. अमेरिकेत मॅक्डोनाल्ड बंधूंनी १९४८ साली ही झटपट पद्धत बसविली; १९९६ मध्ये त्यांच्या नावाचे उपाहारगृह मुंबईत उघडले. येथे गिऱ्हाईक आधी पैसे भरते, टोकन घेते आणि आपले ताट आपणच उचलते. चव सर्वत्र सारखी असल्याने परगावी फसगत होत नाही. मात्र पोट भरले की नाही, हे कोणी विचारीत नाही.

तथापि जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. एके काळी कित्येक उपाहारगृहांत अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नसे. कोठे चहाचा कप निराळा असे. १९५० साली राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने हा भेद निषिद्ध केला, १९५५ च्या कायद्याने तो दंडनीय ठरविला. टोकनावर केवळ क्रमांक असतो, आडनाव नसते. हा लाभ लहान नव्हे. टोकनाची समता आणि वाढप्याची आपुलकी एका छपराखाली नांदली, तर आलेले गिऱ्हाईक पाहुणा होऊन उठेल.