पाऊस, पाखरे आणि गोखरू
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पाऊस आणि उष्मा यांनी रानच्या जीवांची संख्या कशी कमीजास्त होते, हा आजचा विषय. आपणांस वाघाची अपेक्षा असेल. मी मात्र चिमणीएवढ्या पाखराची हकिगत सांगणार आहे, कारण त्याचा हिशेब मोठा चोख ठेवला गेला आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस गालापागोस बेटे आहेत. त्यांतले डॅफ्नी मेजर हे जेमतेम ३४ हेक्टरांचे, निर्मनुष्य बेट. पीटर ग्रँट आणि त्यांच्या पत्नी रोझमेरी १९७३ पासून चाळीस वर्षे तेथे जात. फिंच नावाच्या पाखरांच्या पायांत कडी घालायची, चोची मोजायच्या, हे त्यांचे काम. रोझमेरीबाई आपल्या दोन्ही मुलींनाही बरोबर नेत. घरातून पाय निघत नाही म्हणणाऱ्या आपण सर्वजणींनी हे ऐकून ठेवावे!

१९७७ साली साऱ्या पावसाळ्यात तेथे अवघा २४ मिलिमीटर पाऊस झाला. बारीक बी पाखरांनी वेचून संपवले. उरले ते काटेरी, टणक फळ, आपल्या गोखरूच्याच कुळातले. वावरात अनवाणी चाललेल्या बाईला त्याची ओळख करून द्यायला नको! ते फोडायला जाड चोच हवी. मध्यम आकाराच्या फिंचांची संख्या सुमारे १२०० होती, ती १८० वर आली. लहान चोचींची पाखरे आधी गेली. मादी नराहून लहान, म्हणून माद्या अधिक मेल्या. जी वाचली त्यांच्या चोची सरासरीने अर्ध्या मिलिमीटरने जाड होत्या, आणि पुढे त्यांची पिल्लेही तशीच निघाली. अर्धा मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढा. तेवढ्यावर जगणे-मरणे ठरले. तेव्हा पाऊस किती पडला एवढे विचारून भागत नाही, त्याने कोणते बी उरले तेही पाहावे लागते.

मग १९८२-८३ साली पॅसिफिकचे पाणी तापले. यालाच एल निनो म्हणतात. बेटावर १३५९ मिलिमीटर पाऊस कोसळला. (तिकडचे पाणी तापले की आपल्याकडे पुष्कळदा पाऊस ओढ देतो, १९८२ साली तसेच झाले.) पाखरांनी एकाच हंगामात पुन्हा पुन्हा अंडी घातली, बेट पिल्लांनी भरून गेले. पण माजलेल्या वेलींनी गोखरू झाकून टाकला आणि बारीक बी उदंड झाले. त्यानंतरच्या कोरड्या दिवसांत जाड चोचीवाल्यांचेच हाल झाले, आणि लहान चोचीची पाखरे तगली.