मालमोटारीची कायमची जोडतार

अपरात्रीं मालमोटारीची बॅटरी उतरली, कीं चालक दुसऱ्या गाडीच्या बॅटरीस तारा जोडून इंजिन सुरू करतो. परंतु अंधारांत धन व ऋण टोकांची अदलाबदल होते. शिवाय बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शेंकडा ४ असला, तरी ठिणगीनें पेट घेतो आणि बॅटरी फुटून डोळ्यांत आम्ल उडूं शकतें.

यावर उपाय कायमच्या जोडतारेचा. बॅटरीपासून दोन जाड तांब्याच्या तारा गाडीच्या दर्शनी भागीं एका कनेक्टरांत आणून ठेवतात. दोन्ही गाड्यांना तो असला, कीं मधली तार क्षणांत बसते. ती उलटी बसतच नाहीं, आणि ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून दूर उडते.

तारेच्या जाडींत काटकसर नको. ४०० अँपिअरच्या प्रवाहांत एक सहस्रांश ओहमचा रोधही ०.४ व्होल्ट खातो. मात्र ही तार सदैव जिवंत असते. लोखंडावर घासून तिचें वेष्टण फाटलें, तर गाडी पेटेल. म्हणून धनतारेंत बॅटरीजवळच फ्यूज, भोकांत रबरी कडें व कनेक्टरावर झांकण हवें.

भारतांतील जड मालमोटारींत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीनें जोडून २४ व्होल्ट मिळवितात. त्यांची तार १२ व्होल्टच्या मोटारीस कधींही लावूं नये. टोकें चुकूं न देणें हें कनेक्टराचें काम. व्होल्ट पाहणें हें माणसाचें.