छोटी गाडी आणि फाटकाबाहेरचा कायदा

(शिर्डी येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



शेतीमालाच्या भावावर पुढचे वक्ते बोलणारच आहेत. आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकायला किरकोळ वाटेल. विषय आहे बॅटरीवर हळूहळू चालणाऱ्या छोट्या गाडीचा आणि तिच्या लायसन्सचा. पण या किरकोळ विषयापायी आपल्यातल्या एका घराचा सातबारा टांगणीला लागला आहे. म्हणून दहा मिनिटे कान द्या.

घर राहाता तालुक्यातले. दोन एकर पेरू. तोडणी झाली की क्रेट बाजारात न्यायचे. पाच-सहा क्रेटसाठी ट्रॅक्टर काढला तर डिझेल परवडत नाही, मोटारसायकलवर दोनाच्या वर बसत नाहीत. एका हॉटेलच्या आवारात पाहुण्यांना फिरवणारी चार चाकांची बॅटरीची गाडी जुनी म्हणून विकायला निघाली होती. ती यांनी घेतली. विकणारा म्हणाला, "हिला पासिंग नको, लायसन्स नको, विमा नको." सहा महिने सगळे झकास चालले. क्रेट गेले, आजी दवाखान्यात जाऊन आली. एका संध्याकाळी सोळा वर्षांचा पुतण्या गाडी घेऊन निघाला. मागे दिवा नव्हता. वळताना मागून मोटारसायकल आदळली आणि चालवणाऱ्याचा पाय मोडला. आता भरपाईचा दावा उभा आहे. गाडीची नोंदणी नाही, म्हणून विमा नाही. जो आकडा येईल तो घरातूनच द्यायचा. आणि पाय मोडला तोही शेतकऱ्याचाच पोरगा!

विकणारा खोटे बोलला का? नाही. तो अर्धे खरे बोलला, आणि अर्धे खरे जास्त महागात पडते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन कशाला म्हणावे हे लिहिले आहे. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास गाडी त्यातून वगळली आहे. म्हणजे हॉटेलच्या फाटकाच्या आत ती गाडी मोटार वाहन नव्हती. फाटक ओलांडून नगर-मनमाड रस्त्याला लागली त्या क्षणी ती मोटार वाहन झाली. नोंदणी आली, विमा आला, लायसन्स आले. दुसरी सवलत आहे चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीच्या आतले इंजिन असलेल्या वाहनाला. चौथे चाक लागले की ती सवलतही गेली. तिसरी सवलत बॅटरीची. दुकानात "लायसन्सची गरज नाही" अशी पाटी लावून ज्या दुचाक्या विकतात त्यांची मोटर पाव किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो, आणि तसे तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. पाव किलोवॅटच्या मोटरवर पेरूचे क्रेट निघत नाहीत.

मग सरळ मार्गाने जायचे तर काय आहे? २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ई-रिक्षा बंद केल्या, तेव्हा केंद्र शासन जागे झाले. त्याच वर्षी नियम आले आणि २०१५ साली संसदेने कायदाच दुरुस्त केला. तीन चाके, मोटर ४००० वॅटपर्यंत, वेग २५ पर्यंत. माणसे नेणारी ती ई-रिक्षा, माल नेणारी ती ई-कार्ट. ई-कार्टवर ३१० किलो माल. चालवणाऱ्याने दहा दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे, लायसन्स तीन वर्षांचे. २०१६ पासून परमिटही लागत नाही. एवढे चांगले झाले, ते चांगले म्हटले पाहिजे. पण व्याख्येत शब्द घातला आहे 'भाड्याने'. स्वतःचाच माल स्वतःच्या गाडीतून बाजारात नेणारा शेतकरी व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हताच!

आता गंमत पाहा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की हलक्या वाहनाचे लायसन्स असणारा साडेसात टनांच्या आतले मालवाहू वाहनही चालवू शकतो. हजारो टेम्पोवाल्यांना त्यामुळे दिलासा मिळाला. पण त्याच निकालात म्हटले आहे, की ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांच्या खास अटी कायम राहतील. न्यायालयाचा दोष नाही, कायदाच तसा आहे. अर्थ एवढाच, की सात टनांचा टेम्पो ज्या लायसन्सवर चालतो त्या लायसन्सवर सायकलच्या चालीने जाणारी हातगाडी चालत नाही.

चार चाकांचे काय? बजाजने २०१२ साली दिल्लीत छोटी गाडी दाखवली. तिला काय म्हणावे, हे ठरवण्यात वर्षे गेली. 'क्वाड्रिसायकल' असा वर्ग झाला, आणि खासगी वापराला मोकळीक मिळायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला. महाराष्ट्रात ती २०१९ साली विकायला आली. त्याच्या कितीतरी आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची स्वस्त छोटी मोटार स्वतःच्या डोक्याने बनवली होती. वर्षानुवर्षे सुधारत नेली. शासनाची परवानगी मिळाली नाही, गाडी बाजारात आलीच नाही. लायसन्स-परमिटच्या राज्यात माणूस म्हातारा होतो, फाइल तरुणच राहते.

जगात काय चालते? जपानचा शेतकरी ६६० सीसीचा, ३५० किलो माल नेणारा छोटा ट्रक वापरतो. त्याचा वर्गच वेगळा आहे. फ्रान्समध्ये ताशी ४५ किलोमीटर वेगाची छोटी गाडी चौदा वर्षांचा मुलगाही चालवतो. पण तिथेही त्याला आधी शिकावे लागते आणि विमा सक्तीचा असतो. नियम सोपा असणे वेगळे आणि नियमच नसणे वेगळे.

तेव्हा आमच्या मागण्या तीन. एक, शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी कमी वेगाच्या छोट्या गाडीचा वर्ग वजन आणि वेग पाहून ठरवा. चाके मोजू नका, भाड्याचा शब्द काढा. दोन, हलक्या वाहनाचे लायसन्स ज्याच्याकडे आहे त्याला ई-कार्टसाठी वेगळे लायसन्स मागू नका. तीन, शिकाऊ लायसन्स २०२१ पासून घरबसल्या मिळते, तसे पक्क्या लायसन्सची चाचणी आणि दहा दिवसांचे प्रशिक्षण तालुक्याच्या गावी द्या. श्रीरामपूरच्या हेलपाट्यात दिवसाची मजुरी बुडते.

पण मागण्या करणाऱ्याने आधी आपले घर पाहावे. कायदा बदलेपर्यंत आहे तो कायदा आहे. गाडी घेण्याआधी विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारा: नोंदणी होणार का? कागद दाखव. नोंदणी नाही तर विमा नाही, आणि विमा नाही ती गाडी फुकट मिळाली तरी महाग. लायसन्सशिवाय चालवल्याचा दंड ५००० रुपये आहे, तो एखाद्या पट्टीतून भरता येईल. अपघाताची भरपाई पट्टीतून भरता येत नाही. आणि पोरांच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

मायबहिणींना एक सांगणे. क्रेट पोचवणे, दवाखाना, शाळा, ही कामे शेवटी तुमच्याच गळ्यात पडतात. लायसन्स काढायला घरातून पहिले नाव तुमचे जाऊ द्या.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीला दोन याद्या आणायच्या. आपल्या गावात अशा किती गाड्या कागदाविना फिरतात ती एक, आणि किती जणांना लायसन्स काढायचे आहे ती दुसरी. पहिली यादी आपण कोणाला दाखवणार नाही, ती आपल्या डोळ्यांत अंजन घालायला. दुसरी यादी घेऊन आपण सगळे मिळून परिवहन कार्यालयात जाऊ.

मान्य असेल त्यांनी हात वर करा.